तळातल्याला न पोचलेलं नाव

ताईच्या कादंबरीतला देव खाऱ्या तळ्याच्या बुडाशी डोंगरासारखा पडून असे, आणि वर माणसं राहतात हे त्याच्या गावीही नसे. लोक त्याला ‘तळातला’ म्हणत. त्यांची प्रार्थना एकच: आमच्याकडे बघू नकोस. कारण तो ज्याच्याकडे बघेल ते नुसतं मरत नसे. ते कधी नव्हतंच, असं होऊन जाई. म्हणून त्या राज्यात देवळात कुणी कुणाचं नाव घेत नसे. आया बाळांना बोलवायच्या त्यासुद्धा टाळी वाजवून.

चार खंड निघाले होते. ताई लिहायची आणि तिची धाकटी बहीण तपासायची. धाकटीला घरात सगळे बारकी म्हणत. स्वतःची पोरगी दोन वर्षांची झाली तरी हिचं बारकीपण काही संपलं नव्हतं. तिच्याकडे एक निळी वही होती. तळ्याला किती पायऱ्या, कुठल्या पुजाऱ्याचा डोळा गेलेला, देवळात काय चालतं आणि काय नाही, सगळं तिच्यात. दुसऱ्या खंडात मेलेला घोडा तिसऱ्यात चरताना तिनेच पकडला होता.

“देवाच्या नजरेतून सुटेल एखादा,” ताई म्हणायची, “पण आमच्या बारकीच्या नाही.”

पाचव्या, शेवटच्या खंडाची मुद्रितं बारकीने ओट्याशी उभं राहून वाचली. बसलं की खुर्ची करकरायची आणि पोरगी झोपेतून उठायची. शेवटच्या प्रकरणात पुजारीण भर देवळात एका बाळाचं नाव घेऊन ओरडत होती. सात वेळा. बारकीने वही उघडली. नियम बारावा: देवळात नाव नाही. आणि हे नाव तर पात्रांच्या यादीतही नव्हतं. तिने ताईला फोन लावला, उचलला नाही. तेवढ्यात पोरगी उठलीच. तिला कडेवर घेऊन बारकीने दुसऱ्या हाताने सातही ठिकाणी काट मारली. ‘पुजारीण ओरडली’ एवढंच राहिलं. पानं छापखान्यात गेली.

आठवड्याने छापलेल्या, अजून न शिवलेल्या पानांचा गठ्ठा घेऊन ती पोरीसकट ताईच्या घरी आली. ताईने चष्मा लावला आणि थेट शेवटचं प्रकरण काढलं.

“नाव कुठे गेलं गं?”

“पुजारणीचं ते? अगं, बारावा नियम! तूच केलास आणि तूच विसरलीस?” बारकी हसली. “घोड्यासारखंच झालं बघ. आणि ते पोर आधी एकाही खंडात दिसलं नाही. आलं कुठून?”

ताईने पानांच्या कडा जुळवल्या. जुळलेल्याच होत्या, तरी पुन्हा जुळवल्या.

“कुणाला दिसणार? दोनच दिवस होतं.”

बारकीने कडेवरच्या पोरीला खाली ठेवलं. नऊ वर्षांपूर्वी ताई दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी आली होती. आईने सगळ्यांना गच्चीवर नेऊन बजावलं होतं, हिच्यासमोर बाळाचं नाव काढायचं नाही. ते बारकीनेच सगळ्यांत इमानाने पाळलं. कुणी विषय काढला की ती भांडी आपटायची. बाळाला नाव ठेवलं होतं का, हेसुद्धा तिने कधी विचारलं नाही.

“म्हणजे तो नियम...”

“आईचा. मी त्याच्यावर फक्त देऊळ बांधलं.”

“पण मग पुजारीण ओरडते कशाला? तो बघेल ना. पुसून टाकेल.”

“बघू दे की. पुसायला तरी त्याला कळायला हवं, इथे कुणीतरी होतं.” ताईने चष्मा काढला. “तो कूससुद्धा बदलत नाही, बारके. ते एक वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली.”

पोरीला तिथेच सोडून बारकी छापखान्यात धावली. मुद्रक शिलाईच्या यंत्राशी उभा होता.

“बाई, पाचशे प्रती शिवून झाल्या. एका शब्दासाठी उसवू?”

“एक नाही हो. सात.”

“पुढच्या आवृत्तीत बघू,” तो म्हणाला. वाईट बोलला नाही. त्याला तरी काय ठाऊक?

ती परत आली तेव्हा पोरगी ताईच्या मांडीवर बसून पानांच्या कडा चघळत होती. बारकीने निळी वही काढली, पात्रांच्या यादीचं पान उघडलं आणि पेन घेऊन बसली. नाव तिने स्वतःच्या हाताने सात वेळा खोडलं होतं, तिला ते पाठ होतं. तरी ती म्हणाली, “सांग. तू सांग.”

“काय सांगू?”

“सगळं. कसं होतं?”

“कान तुझ्यासारखे. पुढे आलेले.” ताई हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. मग तिने नाव घेतलं. हळू, देवळात घ्यावं तसं.

मांडीवरच्या पोरीला नवा शब्द मिळाला. तिने तो बोबड्या तोंडाने उचलला आणि खिडकीकडे, दाराकडे, छताकडे तोंड करून ओरडायला लागली. ताईने तिला थांबवलं नाही. प्रत्येक हाकेला ती मान वर करून, श्वास धरून ऐकत राहिली.

ओ कुणी दिली नाही. पोरगी सात वेळा ओरडली की जास्त, ते बारकीने मोजलं नाही.