एका माइकच्या दोन वायरी

जाखडीला माइक लावणं म्हणजे काय, ते रिंगण पाहिल्याशिवाय कळायचं नाही. शाहीर आणि ढोलकीवाला मध्ये बसतात आणि पायात चाळ बांधलेली मंडळी त्यांच्याभोवती गोल नाचतात. म्हणजे माझ्या वायरी कायम त्यांच्या पायाखाली. तीस वर्षं रत्नागिरीत साउंडचं काम करतोय, पण एकही नाचणारा माझ्या वायरीत अडकून पडलेला नाही. पडलाच असेल तर स्वतःच्या कर्माने.

म्हणून वेदिका म्हणाली, "बाबा, रविवारच्या जाखडीच्या बाऱ्या मी रेकॉर्ड करते," तेव्हा माझं डोकंच फिरलं. वेदिका माझी मुलगी. मुंबईत रेकॉर्डिंग शिकून आली आणि दोन महिने माझ्यासोबत काम करत होती. आता मुंबईच्या एका स्टुडिओने तिला बोलावलं होतं. जाणार की नाही, ते रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"शाहिराच्या तोंडापुढे आणखी एक माइक? आणखी वायरी?" मी म्हणालो. "नाचणाऱ्यांनी काय उडत जायचं?"

"माइक तोच, वायरही तीच."

रविवारी तिने रिंगणाबाहेर एक छोटी लोखंडी पेटी ठेवली. माइकची वायर पेटीत शिरली आणि पलीकडून दोन निघाल्या. एक माझ्या मिक्सरला, दुसरी तिच्या रेकॉर्डरला. स्पीकरमधून लगेच घूंऽऽ सुरू झालं.

"बघ, सांगत नव्हतो?"

तिने पेटीवरचं एक बटण दाबलं. घूं बंद. खरं सांगतो, मला जरा वाईटच वाटलं.

पहिल्या मंडळाची बारी झकास झाली. मध्यंतरात सवयीप्रमाणे मी सगळे माइक म्यूट केले आणि वायरीवरची सुटलेली चिकटपट्टी दाबायला रिंगणात गेलो. ढोलकीवाला रघू शाहिराच्या माइकपुढेच चहा पीत बसला होता.

"काय रे अनिल, पोरगी चालली म्हणं मुंबयला?"

"जाईल. माझ्यापेक्षा चांगलं काम करते ती, रघू. कान आहेत तिला."

"मग ऱ्हा म्हण ना तिला!"

"मी म्हटलं तर राहीलही. पण मग बापासाठी अडकली असं होईल. ती गेली की घर खायला उठेल मला, पण हे तिला सांगणार कोण? मी तर नाय."

परत आलो तर वेदिका हेडफोन लावून बसलेली. डोळे लाल.

"काय झालं गो?"

तिने हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवला. आधी रघूचा चहाचा भुरका आणि मग माझाच आवाज.

"म्यूट तुमच्या मिक्सरवर होता, बाबा. माझी वायर त्याच्या आधीच वळते."

सकाळी तिने हे मला दोनदा समजावलं होतं. पण तीस वर्षं म्यूट केला की माइक मेला, हेच डोक्यात बसलेलं.

"पुसून टाक ते."

"टाकते. आधी तोंडावर सांगा."

तेवढ्यात ढोलकीवर थाप पडली, दुसऱ्या बारीची मंडळी रिंगणात शिरली. मी एकेक माइक उघडत गेलो.

"राहा गो," मी मिक्सरकडे बघतच म्हणालो. "मला बरं वाटेल."

तिने मोबाइलवर स्टुडिओला दोन ओळी लिहून पाठवल्या आणि हेडफोन परत चढवला.

"पुढच्या शनिवारी पूर्णगडला साउंड आपलाच ना?"

"आपलाच."

"मग तिथे चाळांसाठी वेगळा माइक लावते मी."

म्हणजे आणखी एक वायर, तीही नाचणाऱ्यांच्या पायात. मी शनिवारच्या यादीत चिकटपट्टीची आणखी दोन रिळं लिहिली.