वाहनमुक्त वाट

टाच रुतली तेव्हाच खडीमावशीनं मनाशी पक्कं केलं, आज फाटक उघडायचं नाही. दोन दिवस पाऊस कोसळून गेला होता. आता ऊन पडलं होतं, वरची खडी सुकून पांढरी दिसत होती, आणि कुणालाही वाटलं असतं की वाट ठणठणीत आहे. तिनं लोखंडी सळई जमिनीत खुपसली. वीतभर आत गेली. कोरड्या दिवसांत तीच सळई बोटभर जायलाही कुरकुर करते.

"वहिनी, फाटकाची किल्ली दे," मागून धाकटा दीर म्हणाला. तो या सायकलवाटेचा मुकादम. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट, केसांना पाणी.

वाहनमुक्त सायकलवाटांना मानपत्र देणारी समिती आज येणार होती. नदीकाठानं निघून, डोंगराला वळसा घालून, वर खिंडीपर्यंत सगळी वाट ती डोळ्यांखालून घालणार होती. समितीच्या चार गाड्या आणि विभागाच्या साहेबांची एक, अशा पाच.

"गाड्यांतून?" मावशीनं विचारलं. "वाहनमुक्त वाट बघायला?"

दिरानं घड्याळात बघितलं.

अकरा किलोमीटरची वाट, त्यातले लोखंडी पुलाजवळच्या या फाटकापासून खिंडीपर्यंतचे चार मावशीचे. एकोणीस वर्षं झाली. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला डोंगर, मधे ती आणि तिचं दंताळं. तिला कुणी नावानं हाक मारत नसे. सायकलवाले लांबूनच घंटी वाजवायचे आणि खडीमावशी म्हणायचे.

काम सांगायला सोपं होतं. सायकलींची चाकं दिवसभर खडी कडेला सारतात. ती पुन्हा ओढून मधे आणायची. मधे कणा उंच राहिला की पाणी दोन्ही अंगांनी उतरून जातं. कणा मोडला की पाणी मुक्काम ठोकतं, आणि पाण्यानं मुक्काम ठोकला की वाट गेलीच. ओल्या वाटेवर सायकल गेली तर रेघ उठते, ती सकाळी पुसता येते. मोटार गेली तर दोन चर पडतात, आणि पुढचा प्रत्येक पाऊस ते खोल करत जातो.

हे सगळं दिराला ठाऊक होतं. कुणाकडून शिकला, हेही ठाऊक होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो सात वर्षांचा, शेंबडा, तिच्या पदराआड लपणारा. पुढे मोठेपणी हाताला काम नव्हतं तेव्हा तिनंच त्याला इथं आणून हातात दंताळं दिलं होतं. तो भराभर वर चढला, याचं तिला कौतुकच होतं. आजवर.

तिनं त्याला समजावून बघितलं. कोठीत पाहुण्यांसाठी आठ सायकली आहेत, तेल घातलेल्या, हवा भरलेल्या. समितीला त्या द्या. सायकल येत नसेल तर चालत जाऊ दे, पाय झिजत नाहीत. तेही नको तर चार दिवस थांबा, वाट सुकू दे. तो म्हणाला, साडेबाराला त्यांचं जेवण आहे.

"मी पाववाल्याला शब्द दिलाय," ती म्हणाली.

पाववाल्याची मुलगी नदीपलीकडे शिकायला जायची. हमरस्त्यावर तिच्या चुलतभावाला ट्रकनं उडवलं, तेव्हापासून बापानं तिची सायकल भिंतीला टांगून ठेवली होती. मावशी त्याच्या भट्टीवर गेली, पिठाच्या पोत्यावर बसली, आणि म्हणाली होती की फाटक माझ्या किल्लीनं उघडतं. माझ्या वाटेवर मोटार दिसली तर माझ्या दारात येऊन मला जाब विचार. बापानं दुसऱ्या दिवशी सायकल खाली काढली. तशीच इस्पितळातली परिचारिका. तसेच ते दृष्टी गेलेले गुरुजी, दोन सीटांच्या सायकलवर बायकोच्या मागे बसून पायडल मारणारे. नदी कुठं वळली हे तोंडावरच्या वाऱ्यावरून सांगायचे. ही सगळी माणसं एका बंद फाटकाच्या भरवशावर घराबाहेर पडत होती.

"वहिनी, वरून आदेश आहे. मला तोंडघशी पाडू नकोस."

"किल्ली मिळायची नाही."

त्यानं खिशात हात घातला आणि किल्ली काढली. तशीच पितळी, तशाच दात्यांची, पण कोरी करकरीत. दुसरी किल्ली आहे, हे तिला एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं सळई जमिनीतून उपसली आणि वाटेच्या कडेला झाली.

पाच गाड्या ओळीनं आत आल्या. खडी चाकांखाली करकरली. पुलाजवळच्या वळणावर, जिथं नदी वाटेला खेटून जाते, तिथं तिसरी गाडी रुतली. चाक जागच्या जागी गरगरलं, चिखल उडून काठावरच्या गवतावर सडा पडला. दीर आणि दोन ड्रायव्हर मागून रेटा देत होते. दिराचा इस्त्रीचा शर्ट कमरेपर्यंत रंगला. पुढच्या गाडीची काच खाली आली. समितीच्या प्रमुख बाईंनी डोळे मिटून श्वास घेतला आणि शेजारच्याला म्हणाल्या, "किती शांत आहे हो इथं."

इंजिन चालूच होतं.

वाट कोण सांभाळतं, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, आमचा विभाग. मग त्यांना फोटो हवा झाला, कामगारासह. दीर चिखलातून आला आणि पिवळं जाकीट पुढं करत म्हणाला, "बाई, हे घाला आणि इथं उभ्या राहा."

बाई. मावशीनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं नजर उचलली नाही.

"या चाकोरीत उभी राहते," ती म्हणाली. "पाय किती आत जातात तेवढं येऊ द्या फोटोत."

फोटोवाला म्हणाला, तिथं उजेड बरा नाही, मागे नदी येऊ दे. तिनं जाकीट दंताळ्याच्या दांड्याला अडकवलं, पाठ फिरवली आणि खडी ओढू लागली. फोटोत तिची पाठ आली. पाठ आली तरी चालते, असं कुणीतरी म्हणालं.

रुतलेली गाडी निघाल्यावर दिराला घेऊन गाड्या खिंडीत पोहोचल्या, त्याला तिथं उतरवलं आणि पलीकडच्या डांबरी रस्त्यानं उतरून जेवायला गेल्या. तो रस्ता पहिल्यापासून होता. खिंड त्या रस्त्यानंही गाठता आली असती.

दुपारी दीर चालत परतला. मावशी फाटकापाशी बसून फळीवर रंगानं अक्षरं काढत होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती आपली वाट बंद करत होती. 'वाट बंद आहे' एवढं लिहून झालं होतं आणि खाली कारणापुरती जागा होती.

"पावसामुळे, असं लिही," तो हळूच म्हणाला. "साहेबांनी सांगितलंय."

तिनं कुंचला थांबवला.

"पावसाचं नाव कशाला खराब करतोस? तो आला तेव्हा गर्जत आला, साऱ्या गावाला सांगून आला. जे केलं ते माझ्या डोळ्यांदेखत केलं. खिशात किल्ली लपवून नाही आला तो."

तिनं लिहिलं, पाच गाड्या गेल्यामुळे. अक्षर वाकडं होतं, पण लांबून वाचता येत होतं. फळी तिनं फाटकाला तारेनं करकचून बांधली. दीर बघत उभा राहिला. त्यानं ती काढायला हात पुढे केला नाही.

मग तिनं फावडं घेतलं आणि वळणापाशी गेली. चाकोऱ्यांत पाणी साचलं होतं, गढूळ, घोट्याच्या वर. संध्याकाळी पाववाल्याच्या दारात स्वतःहून जायचं, हे तिनं ठरवलं होतं. त्याला जाब विचारायला यावं लागू नये. काही वेळानं दीर आला. त्यानं बूट काढले, विजार वर दुमडली, घमेल्यात खडी भरून चाकोरीत ओतायला वाकला.

"आधी पाणी काढायचं असतं," ती म्हणाली. "विसरलास वाटतं."

त्यानं घमेलं खाली ठेवलं आणि हातांनीच नदीच्या बाजूला चर उकरू लागला. पाणी आधी हललं नाही. मग गवताची एक काडी फिरली, सरकली, आणि तिच्यामागून पाणी नदीकडे निघालं. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, दोघंही ते जाताना बघत राहिले. पुढे खिंडीपर्यंत चार किलोमीटर दोन्ही चाकोऱ्या भरलेल्या होत्या.