'पैलाड'ची उरलेली प्रत

शशिकांत काळ्यांनी दिल्लीतलं करोलबागचं घर बिल्डरला दिलं आणि माळा रिकामा करताना त्यांना गंजलेल्या पत्र्याचे गोल डबे सापडले. काळे तिथल्या महाराष्ट्र मंडळाचे कैक वर्षांचे चिटणीस. गणेशोत्सवाच्या झांजा, नाटकाचे पडदे, उरलेल्या स्मरणिका, सगळं त्यांच्याच माळ्यावर पडलेलं असे. डब्यावरची धूळ पुसून नाव वाचलं, आणि फोनसुद्धा न करता ते डबे नव्या मारुतीत घालून थेट फरीदाबादला आले.

"भाऊसाहेब, तुमची हरवलेली लेक घेऊन आलोय," ते दारातूनच म्हणाले.

भाऊसाहेब मिरजकर टीव्हीला नाक लावून बातम्या बघत होते. केबल नुकतीच आली होती आणि काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली होती. त्यांनी डब्यावरून हात फिरवला, नाव बोटांनीच वाचल्यासारखं केलं आणि खाली बसले.

'पैलाड' हा त्यांचा एकुलता एक सिनेमा. तिशीच्या आत, कोल्हापुरात काढलेला; घर सोडून नदीपलीकडे जाणाऱ्या एका बाईचा. चालला बेताचा, पण ज्यांनी पाहिला ते विसरले नाहीत. पुढे संसारासाठी ते दिल्लीला सरकारी माहितीपटांच्या खात्यात आले आणि धरणं, लसीकरण, सुधारित बियाणं यांच्यात त्यांची नोकरी सरली. निर्मात्याच्या मुलांनी मूळ निगेटिव्ह चांदी काढणाऱ्यांना विकून टाकलं होतं. आपला सिनेमा कुणाच्या तरी पैंजणात गेला, असं ते हसून सांगत. ते हसू ओठांपुरतंच असे. मंडळानं फार पूर्वी एका खेळासाठी मागवलेली ही प्रत परत करायची राहून गेली, म्हणून वाचली.

"जयंत, सुनीतीला फोन कर," ते मुलाला म्हणाले. "म्हणावं, लवकर ये."

सुनीती त्यांची सून. दिल्लीतल्या एका सरकारी फिल्म संग्रहात ती जुन्या फिती जपण्याचं काम करायची. लग्नानंतर ते शिक्षण घ्यायला तिला पुण्याला धाडणारे भाऊसाहेबच. आमच्या घरात फिल्मची डॉक्टर आहे, असं ते येईल त्याला सांगत.

संध्याकाळी सुनीती आली. तिनं पहिला डबा उघडला आणि आंबूस, नाकात चढणारा वास खोलीभर पसरला.

"सिरका सांडला की काय?" अलकनंदाबाई, तिच्या सासूबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"नाही आई. फिल्मच आंबलीय." सुनीतीनं फितीचं टोक दोन बोटांत धरलं. फीत आकसली होती, कडा लाटांसारख्या वळल्या होत्या. हा रोग ती रोज बघत असे. तो बरा होत नाही. थंडाव्यात ठेवून लांबवता येतो, आणि तेवढ्या वेळात नवी प्रत काढून घ्यायची असते.

"मंडळाचा प्रोजेक्टर अजून चालतो," काळे म्हणाले. "रविवारी लावू या. सगळ्यांना बोलावू."

भाऊसाहेबांनी सुनीतीकडे तोंड वळवलं. सुनीतीनं डब्याचं झाकण लावून टाकलं, तेव्हा जयंत म्हणाला, "यार, एकदाच लावू. मी समोर कॅमेरा ठेवून भिंतीवरून व्हिडिओ काढून घेतो. बाबांचं बघून होईल."

"प्रोजेक्टरच्या दातांत ही फीत टिकणार नाही," सुनीती म्हणाली. "भोकं फाटतील, जोड सुटतील. जगात ही एकच प्रत आहे, जयंत. आकसलेली फिल्म छापायचं यंत्र मुंबईत एका लॅबमध्ये आहे. मंजुरी मिळाली की चार-सहा महिन्यांत नवी कोरी प्रत हातात येईल. मग रोज बघा."

"आणि माझे डोळे?" भाऊसाहेबांनी विचारलं. तक्रार म्हणून नाही, हिशेबात धरलंयस ना, अशा सुरात.

"डॉक्टर म्हणालेत ना, थेंब नियमित घातले तर वर्ष-दोन वर्षं काही होत नाही."

त्यांनी डब्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. आपण बघायचं म्हणून तिला मारायची नाही."

त्यांनी हट्ट धरला असता तर सुनीती कदाचित नमली असती. त्यांनी धरला नाही. तिच्या शिक्षणाचा मान त्यांनी स्वतःच वाढवला होता. तो आता त्यांना मोडवेना.

दुसऱ्या दिवशी डबे संग्रहाच्या थंड खोलीत गेले. सुनीतीनं एकदा भाऊसाहेबांना तिथं नेलं, दिव्याच्या काचेवर फीत पसरली आणि त्यांच्या हाती भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ एका चौकटीवर डोळा लावला. नदीकाठ, होडी, पाठमोरी बाई.

"हे फोटो झाले," भिंग ठेवत ते म्हणाले. "ती चालायला हवी."

मंजुरी काही येईना. प्रस्ताव वर गेला, शंका घेऊन खाली आला, पुन्हा वर गेला. मराठी सिनेमाला हा मान का, हिंदी रांगेत आहेत, असं एक साहेब म्हणाले. ते बदलून गेले, नव्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मग निवडणुका आल्या. दिल्लीच्या उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जाई. एका मे महिन्यात संग्रहाचा जनरेटर बंद पडला आणि थंड खोली भट्टीसारखी झाली. सुनीती बर्फाच्या लाद्या मागवून शेल्फांखाली ठेवत होती. तिनं पैलाडचे डबे उचलून घरी न्यायचं ठरवलं, पण फरीदाबादला तरी वीज कुठं होती?

इकडे आजूबाजूला नवी सेक्टरं उठत होती, जयंतच्या कारखान्यात जपानी भागीदार आले होते, आणि भाऊसाहेब भिंतीला हात लावून चालू लागले होते. थेंब नियमित घातले जात होते. तरी वर्ष-दोन वर्षांचा अंदाज खोटा ठरला. एका सकाळी त्यांनी अलकनंदाबाईंना विचारलं, "पडदे ओढलेस का गं?" पडदे उघडे होते.

त्या दिवशी सुनीती कामावरून आली तेव्हा अलकनंदाबाई भाऊसाहेबांना हाताला धरून जेवायला नेत होत्या. जयंतनं तिला पाणी दिलं. त्यानं कधीच तिला बोल लावला नाही. लावला असता तर दोन शब्द भांडून मोकळं होता आलं असतं, असं तिला पुढे कितीदा वाटलं.

अखेर मंजुरी आली. सुनीती स्वतः डबे घेऊन मुंबईला गेली. लॅबमधल्या अशोक पारकरांनी हातमोजे घालून एकेक डबा उघडला. काही डब्यांत फीत उलगडता आली. काहींत ती घट्ट गोळा झाली होती, आणि चित्र काचेवरच्या वाफेसारखं विरघळलं होतं. पारकर मन लावून काम करणारे गृहस्थ. आवाजाची पट्टी त्यांनी जवळजवळ सगळी वाचवली, चित्र निम्म्याहून थोडं कमी.

चहा पिताना ते सहज म्हणाले, "मॅडम, तुम्ही फोटो पाठवले होते ना सुरुवातीला, फितीचे? तशी असताना हळू, जपून एखादा खेळ लावला असता, तर बहुधा निभावली असती. फार आकसली नव्हती तेव्हा."

"बहुधा," सुनीती म्हणाली.

"हो, खात्री कोण देणार? तुमच्या जागी मीही नसतीच लावली."

परतीच्या गाडीत तिच्या मनात 'बहुधा निभावली असती' एवढंच राहिलं.

खेळ कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या अतिथिगृहात, खालच्या दालनात ठेवला. काळ्यांनी माणसं जमवली. नॉयडाहून, गुडगावाहून, द्वारकेच्या नव्या सोसायट्यांतून जुने सभासद आले. भाऊसाहेब पहिल्या रांगेत, एका बाजूला अलकनंदाबाई आणि जयंत, दुसऱ्या बाजूला सुनीती. त्यांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता.

दिवे गेले. नदीचा आवाज आला, वल्ह्याचा, दूरवर कुणी कुणाला हाक मारल्याचा.

"आली का?" भाऊसाहेबांनी हळूच विचारलं.

"आली. काठावर उभी आहे," सुनीती म्हणाली. ते खरं होतं. चित्र मधूनमधून थरथरत होतं, पण नीट होतं, आणि ती जे जे दिसेल ते त्यांच्या कानाशी सांगत राहिली. मग पडद्यावर पांढरे डाग उमटले, पसरले, आणि आवाज चालू असताना समोर नुसतं दुधाळ काहीतरी हलत राहिलं.

"आता?"

सुनीतीनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "इथलं चित्र गेलंय, भाऊसाहेब."

"असं?" ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"अजून नाही आलं."

त्यानंतर त्यांनी तिला विचारलं नाही. पलीकडून जयंत झुकला आणि वडिलांच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, दिसायला लागलं हं. ती होडीत बसायला निघालीय. मागं वळून घराकडे बघतेय."

भाऊसाहेब किंचित हसले. "ती वळत नाही रे. न वळताच जाते. वळली असती तर सिनेमा कशाला काढला असता?"

जयंतनं हात तसाच राहू दिला. चौघं पांढऱ्या पडद्यासमोर बसून आवाज ऐकत राहिली.

दिवे लागल्यावर टाळ्या झाल्या, माणसं भेटायला आली, सुनीतीच्या चिकाटीचं कौतुक झालं. बाहेर गाडीकडे जाताना अलकनंदाबाई तिच्या शेजारून चालत होत्या. त्या म्हणाल्या, "तेव्हा दाखवायला हवा होता गं त्यांना." आवाजात राग नव्हता. बरोबरच केलंस, असं आई म्हणतील अशी आशा आपण मनात धरली होती, हे सुनीतीला तेव्हा कळलं.

त्या हिवाळ्यात सुटीच्या दिवशी दुपारी भाऊसाहेब गच्चीवर उन्हात बसून बायकोला सिनेमा सांगत. कुठून कॅमेरा आला, कोण कुठं उभं होतं, ऊन कसं होतं. सुनीती कपडे वाळत घालताना ऐकायची. एकदा ती खुर्ची ओढून जवळ बसली.

"मला सांगाल? पहिल्यापासून?"

"तुला कशाला? तुझ्याकडे आहे ना ती," ते म्हणाले. मग आपलं बोलणं कुठं लागलं हे त्यांनाच जाणवलं असावं. "बस," ते म्हणाले, आणि सुरुवात केली.

पुढच्या सुट्यांनाही ते तिला सांगत राहिले. पण दर वेळी सिनेमा थोडा वेगळा असे. आधी होडीतून जाणारी बाई नंतर पाण्यातून चालत पलीकडे जाई. सिनेमातल्या तिच्या सासऱ्याचं मरण कधी आधी येई, कधी शेवटी. जे भाग वाचले होते त्यांत काय आहे ते सुनीतीनं चौकट चौकट करून पाहिलेलं होतं. ते कुठं चुकताहेत ते तिला कळत होतं. तिनं त्यांना एकदाही अडवलं नाही. एका दुपारी तर ती बाई वळलीसुद्धा, आणि अलकनंदाबाईंनी सुनीतीकडे पाहून नजर खाली घातली.

होळीनंतर ऊन तापलं, गच्चीवर बसणं बंद झालं. त्याच उन्हाळ्यात भाऊसाहेब गेले.

'पैलाड' आता संग्रहात व्यवस्थित आहे. पुण्याहून, कोलकात्याहून अभ्यासक येतात, बघतात, टिपणं काढतात. मधल्या गेलेल्या भागात काय होतं, असं त्यांनी विचारलं, की सुनीती सांगते, नक्की कुणालाच माहीत नाही.