मिस विंडसरचा डबा

"डबा तूच घे," मी नेत्राला म्हणालो.

ती गराजमध्ये एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात तो पितळी डबा घेऊन उभी होती. गाडीची किल्ली दातात धरली होती. ती काढून म्हणाली, "बाबा, जस्ट होल्ड इट. दोन मिनिटं. मी गाडी उघडते."

मी डबा घेतला नाही. तिच्याकडून किल्ली घेतली, गाडी उघडली आणि डबा मागच्या सीटवर ठेवायला सांगितलं. पाच वर्षं मी त्या डब्याला हात लावला नव्हता. पाठ दुखते, असं मी सांगत असे. डब्याचं वजन दोन किलोसुद्धा नसेल.

एप्रिल २००७ मधला शेवटचा रविवार होता. अहिल्याला, माझ्या बायकोला, जाऊन तीन महिने झाले होते. तिचं ऑक्सिजनचं मशीन कंपनीनं परत नेलं. बेडरूमच्या कार्पेटवर त्याच्या चार चाकांचे ठसे राहिले आहेत. तिथे मी अजून व्हॅक्यूम फिरवलेला नाही.

रेमंड टिडवेलचा फोन आला होता. डेट्रॉइटमधल्या ज्या बारमध्ये अहिल्या दर रविवारी दुपारी तीन ते सहा वाजवायची, तिथला हा गिटारवाला आणि गायक. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर कारच्या कारखान्यात दारं बसवली आणि रविवारी गिटार वाजवली. त्यानं सांगितलं की येत्या रविवारी मिस विंडसरसाठी वाजवायचं ठरलं आहे, तुम्ही दोघं या, आणि तिचा डबा घेऊन या.

मिस विंडसर हे अहिल्याचं तिथलं नाव. मला ते लोक मिस्टर विंडसर म्हणत. मी नागपूरचा आणि राहायला डेट्रॉइटजवळ ट्रॉयला, पण तिथे माझी ओळख तेवढीच.

अहिल्या नऊ वर्षांची असताना तिचे वडील कॅनडात विंडसरच्या मिठाच्या खाणीत इंजिनिअर म्हणून आले. त्यांच्या घरासमोर नदी होती आणि नदीपलीकडे डेट्रॉइट. डेट्रॉइटचा रेडिओ इकडे स्वच्छ ऐकू यायचा. शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहायचे, रेल्वेतून रिटायर झालेले. ते संध्याकाळी पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवायचे. त्यांनी हिला शिकवलं. तिचे वडील त्याला बाजा म्हणत, म्हणून तीही शेवटपर्यंत बाजाच म्हणायची. तिच्या आईचा पानाचा पितळी डबा विंडसरमध्ये रिकामा पडला होता, कारण तिथे पानंच मिळत नव्हती. अहिल्यानं त्यात बाजे ठेवायला सुरुवात केली.

एकोणिसाव्या वर्षी घरी लायब्ररीत जाते असं सांगून ती नदी ओलांडून डेट्रॉइटच्या बारमध्ये वाजवायला गेली. पुढे आमचं लग्न झालं. ती दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची नोकरी करू लागली. "आठवडाभर लोकांची तोंडं, रविवारी माझं," असं म्हणायची. तिनं अमेरिकन नागरिकत्व घेतलं नाही. फ्लिंटला वाजवलं, टोलीडोला वाजवलं, एकदा शिकागोला. ओंटारिओतल्या एका फेस्टिव्हलच्या पोस्टरवर तिचं नाव छापलं होतं, तेही चुकीचं. एकदा महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिनं ब्लूज, म्हणजे बारमध्ये वाजवायची तेच अमेरिकन संगीत, वाजवलं. संपल्यावर मालिनीकाकू म्हणाल्या, आता काहीतरी आपलं वाजव ना गं. अहिल्या म्हणाली, "काकू, हेच माझं आहे."

एवढीच तिची कारकीर्द. तिच्या नावाची एकही रेकॉर्ड नाही. आणि ती निघाली नाही याला कारण मीच, असं मी पाच वर्षं मनात धरून होतो.

ते कसं, हे सांगण्यासाठी थोडं बाजाविषयी सांगावं लागेल. मला गाण्यातलं कळत नाही. मी ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. प्रत्येक बाजा एकाच पट्टीचा असतो, त्यामुळे पट्टी बदलली की बाजा बदलावा लागतो. त्यात ब्लूजवाले गाण्याच्या पट्टीचा बाजा घेत नाहीत. गाणं सीमध्ये असेल तर एफचा बाजा घेतात, जीमध्ये असेल तर सीचा. कारण ब्लूजमधलं रडणं फुंकताना येत नाही, श्वास आत ओढताना येतं, आणि ते सूर तसेच जुळतात. अहिल्याला चाळिशी लागली, पण स्टेजवर ती चष्मा लावत नसे. बाजावर कोरलेलं बारीक अक्षर तिला दिसेना. मग मी प्रत्येक बाजाला मोठं लेबल लावलं आणि डब्याच्या झाकणाला आतून तक्ता चिकटवला. गाणं हे, तर बाजा हा. दर रविवारी मी ड्रमच्या बाजूला उभा राहायचो आणि रेमंडनं पट्टी सांगितली की बरोबर बाजा तिच्या हातात द्यायचो. सहा वर्षांत माझी एकदाही चूक झाली नव्हती.

२००२ च्या जूनमध्ये शिकागोहून एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस तिला ऐकायला आला. मी आठवडाभर आधीच मंडळात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. रेकॉर्ड निघाल्यावर कोणाकोणाला हवी, त्यांची यादीही केली होती. चाळीस नावं होती. त्या दिवशी तिसरं गाणं जीमध्ये ठरलं होतं. मी सीचा बाजा काढून तयार ठेवला होता. रेमंडचा घसा बसला होता, म्हणून ऐन वेळी तो वळून म्हणाला, सीमध्ये घेऊ. मी सी ऐकलं, हातात सी होता, तो दिला.

पाच-सहा सेकंदांत माझ्या लक्षात आलं, एफ द्यायला हवा होता. पण गाणं सुरू झालं होतं. बाजाचा आवाज नेहमीसारखा येत नव्हता. वरवरचा, बारीक, उंच. खालचं जाड रडणं त्यात नव्हतं. मी समोर पाहिलं. गाणं अर्ध्यावर असतानाच रेकॉर्डवाला उठला, टोपी घातली आणि निघून गेला.

घरी येताना अहिल्यानं आइस्क्रीम खायला गाडी थांबवायला सांगितली. दोन स्कूप खाल्ले. हसत होती. मला वाटलं, माझ्यासाठी हसते आहे. मी काही बोललो नाही. त्या माणसाचं काही कळलं नाही, असं मंडळात सांगितलं. पुढच्या रविवारपासून माझी पाठ दुखायला लागली. मी तिला बारच्या दारापर्यंत सोडायचो, आत स्टेजकडे जात नसे. बाजे तिचे ती काढू लागली, चष्मा लावून. नेत्रा सुट्टीत घरी असली की ती डबा उचलायची.

दोन वर्षांनी अहिल्याला फुप्फुसांचा आजार निघाला. फुप्फुसं कडक होत जातात, त्यावर उपाय नाही. श्वासाची पहिली टेस्ट झाली तेव्हा टेक्निशियननं आकडा दोनदा तपासला, इतका तो आजाराच्या मानानं चांगला होता, बाजा वाजवून कमावलेला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती शेवटचं वाजवून आली. या जानेवारीत हॉस्पिटलमध्ये तिच्या तोंडावर मास्क होता आणि मी तिला सांगणार होतो की त्या दिवशी चूक माझी होती. मी "अहिल्या" एवढंच म्हणालो. तिनं माझा हात थोपटला. ते सगळं माहीत असल्यामुळे थोपटलं की काहीच माहीत नसल्यामुळे, ते मला कळलं नाही. ती तशीच गेली.

नेत्रानं बारच्या मागच्या अंगाला गाडी लावली. डबा घेऊन ती आत गेली. पंधरा-वीस माणसं होती, बहुतेक म्हातारी. स्टेजवर माइकपुढे एक रिकामी खुर्ची ठेवली होती. शेवटच्या वर्षी अहिल्या बसून वाजवायची, तीच खुर्ची. नेत्रानं डबा रेमंडजवळ टेबलावर ठेवला आणि ती बायकांमध्ये जाऊन बसली.

रेमंडनं मला शेजारी बसवलं. त्यांची पद्धत त्यानं मला समजावली. वाजवणारा गेला की त्याच्या आवडीचं गाणं घ्यायचं, आणि जिथे त्याचं एकट्याचं वाजवणं येतं तिथे कोणी वाजवायचं नाही. बाकीच्यांनी मागे ठेका चालू ठेवायचा आणि ती जागा मोकळी सोडायची. मी विचारलं, कुठलं गाणं घेणार? तो म्हणाला, ते सीमधलंच. शिकागोवाला आला होता, त्या दिवशीचं. तिला तेच आवडायचं.

मला वाटलं, तो टोमणा मारतो आहे. पण त्याचा चेहरा तसा नव्हता. मग मी त्याला सगळं सांगून टाकलं. चुकीचा बाजा मी दिला. माझ्यामुळे तो माणूस उठून गेला. माझ्यामुळे तिची रेकॉर्ड निघाली नाही.

रेमंडनं ऐकून घेतलं. मग तो हसायला लागला. इतका हसला की त्याला खोकला आला, आणि ड्रमवाल्यानं पाणी आणून दिलं.

"मिस्टर विंडसर," तो म्हणाला, "तो माणूस मासे घ्यायला थांबला होता."

पहिल्या गाण्याच्याही आधी, स्वयंपाकघराच्या दारात, त्या माणसानं अहिल्याला त्याचा बेत सांगितला होता. रेकॉर्डच्या कव्हरवर तिनं साडी नेसून, कुंकू लावून मांडी घालून बसायचं. मागे तबला घालू. विंडसरचं नाव कुठे नको, भारतातून आली असं म्हणू. अहिल्यानं तिथल्या तिथे नाही म्हटलं. मी विंडसरची आहे, आणि साडी मी गणपतीला नेसते, असं तिनं त्याला सांगितलं. विषय संपला. त्या माणसानं तळलेला मासा बांधून द्यायला सांगितला होता, म्हणून तो बसून राहिला. तिसऱ्या गाण्यात त्याचं पार्सल आलं आणि तो गेला.

मी म्हणालो, पण बाजा?

"तिला कळलं होतं. माइकपासून लांब नेऊन तिनं एक फुंक मारली आणि माझ्याकडे पाहिलं. डबा माझ्या पायाशी उघडा होता. मी म्हणालो, बदल, मी थांबतो. तर म्हणाली, त्यानं हा दिलाय, हाच वाजवते."

तसं वाजवणं फार जुनं आहे, रेमंडनं सांगितलं. वरच्या सुरांवर, फुंकून. अवघड असतं, आता फारसं कोणी करत नाही. तिच्या त्या म्हाताऱ्या शेजाऱ्यानं तिला ते लहानपणी शिकवलं होतं आणि ती विसरली होती. त्या दिवसानंतर ती ते गाणं नेहमी सीच्याच बाजावर वाजवायची. लोक मागून घ्यायचे.

"तिनं मला का नाही सांगितलं?"

रेमंड म्हणाला की मी चाळीस जणांची यादी केली होती, हे तिला माहीत होतं. रेकॉर्डला तिनंच नाही म्हटलं, हे मला कसं सांगावं, ते तिला सुचेना. तेवढ्यात मी यायचा बंद झालो. "तुला या बारचा कंटाळा आला असेल, असं ती म्हणायची. आला तर आला, म्हणायची, सहा वर्षं उभा राहिला माणूस."

मी मान खाली घातली. छातीवरून काहीतरी उतरलं होतं, आणि ते उतरल्यावर तिथे दुसरं काहीतरी दुखत होतं. पण ते आधीच्यापेक्षा हलकं होतं. ते मला सोसण्यासारखं होतं.

मग मी डबा पुढे ओढला आणि उघडला. लवंगेचा वास आला. वाजवायच्या आधी ती नेहमी लवंग चघळायची. बाजे माझ्या लेबलांसकट ओळीनं उभे होते. झाकणाला आतून माझा तक्ता तसाच होता, कडेला थोडा पिवळा पडलेला. गाणं सी, बाजा एफ. त्याच्यापुढे पेन्सिलनं काहीतरी लिहिलं होतं. मी चष्मा पुसला. अहिल्याचं मराठी अक्षर नवव्या वर्षी जिथे थांबलं तिथेच राहिलं होतं, मोठं आणि तिरकं.

'किंवा सी. छान वाजतो. तारीख १० जून.'

तो त्या रविवारनंतरचा सोमवार होता. तिनं ते लिहिलं आणि मी डबा उघडेन म्हणून ठेवून दिलं. मी उघडला नाही.

तीन वाजता त्यांनी सुरुवात केली. मी ड्रमच्या बाजूला माझ्या जुन्या जागी उभा राहिलो. कोणी मला बोलावलं नव्हतं, पण कोणी हटकलंही नाही. तिचं गाणं आलं तेव्हा रेमंड सवयीनं माझ्याकडे वळला.

"सी," तो म्हणाला.

मी सीचा बाजा काढला, रुमालानं पुसला आणि जाऊन खुर्चीवर ठेवला.

तिची जागा आली. रेमंडनं गिटारवरचा हात उचलला. ड्रमचा ठेका आणि बास गिटारचा खालचा आवाज तेवढा चालू राहिला. सगळे खुर्चीकडे बघत होते. मी मोजत होतो, कारण मला तेवढंच येतं. बारा वेळा ठेका फिरला, मग रेमंडनं पुन्हा गायला सुरुवात केली.

गाणं संपल्यावर मी बाजा उचलून त्याच्या खणात ठेवला आणि झाकण लावलं.

बाहेर नेत्रानं डब्यासाठी हात पुढे केला. "बाबा, तुमची पाठ. आय विल टेक इट."

"असू दे," मी म्हणालो. "पाठ बरी आहे."

मग तिनं माझ्यासाठी दार उघडलं. घरी जाण्याआधी ती गाडी नदीकडून घेऊन गेली. पलीकडे विंडसर दिसत होतं, उन्हात. मग आम्ही हायवेला लागलो. ट्रॉय येईपर्यंत डबा माझ्या मांडीवर होता.