गुण कोणाच्या औषधाचा

आमच्या मिठबावात आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायची पद्धत नाही. मथुराची चार वर्षांची शेवंती तापात आकडी येऊन दवाखान्याच्या एकुलत्या एका खाटेवर पडली, तेव्हा माणसं औषधं घेऊनच आली.

नाडकर्णी डॉक्टरांनी आकडी थांबवायला झोपेचं इंजेक्शन दिलं होतं. "आता हिला दुसरं काही देऊ नका," असं मथुराला बजावून ते पलीकडच्या वाडीत एका बाळंतिणीकडे गेले. पण इंजेक्शनवर गावाचा भरवसा नव्हता. जे जिभेला कडू लागत नाही ते औषध कसलं?

मथुरा विहिरीवर पाण्याला गेली, तेवढ्यात तिच्या चुलतसासूनं, काशीबाईनं, पोरीला जायफळ उगाळून चाटवलं. काशीबाई उठते न उठते तोच विश्राम वैद्यानं अफूची गोळी दिली. मग आला हरिश्चंद्र. हा मुंबईत गिरणीच्या दवाखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा, म्हणजे गावात निम्मा डॉक्टरच. त्यानं झोपेचं औषध, ब्रोमाइड, पाजलं. प्रत्येकानं गुपचूप, आणि प्रत्येकाला वाटलं, आपण एकट्यानंच पोर वाचवली.

शेवंती गाढ झोपली. बाहेर पायरीवर तिघं एकमेकांकडे बघून गालात हसत बसले.

मथुरा पाणी घेऊन आली, पाठोपाठ डॉक्टर परतले आणि पोरीला बघून त्यांचा चेहरा उतरला. पोर हलवून उठेना. श्वास तर विसरत विसरत घेत होती. ते बाहेर आले, पाठोपाठ मथुरा.

"कोणी काय दिलं हिला? किती दिलं? कळल्याशिवाय मला काही करता येत नाही!"

"आमी कायेक देवक नाय!" काशीबाई म्हणाली. वैद्यानं देवाची शपथ घेतली. हरिश्चंद्र शुद्ध पुस्तकी भाषेत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आम्ही केवळ समाचाराला आलो आहोत." त्या तिघांना तिथंच बांधून ठेवावं, असं कोणालाही वाटलं असतं.

डॉक्टर आत गेले आणि क्षणात दारात येऊन ओरडले, "शुद्धीवर आली! सांगा, गुण कोणाच्या औषधाचा?"

"माझ्या जायफळान! अख्खा अर्धा चाटवलंय!"

"जायफळान काय होता? मिया अफूची गोळी दिलंय, चांगली वाटाण्याएवढी!"

"दोन चमचे ब्रोमाइड," हरिश्चंद्र म्हणाला. "मुंबईचं!"

मथुरा मात्र पहिला शब्द ऐकूनच आत धावली होती. शेवंती होती तशीच निपचित पडलेली.

"डॉक्टर, ह्या काय केलात?"

"त्यांच्याकडून खरं काढायचं होतं," ते म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी नळी घालून पोरीचं पोट धुवायला घेतलं.

दुपार कलताना शेवंतीनं डोळे उघडले आणि "आये" म्हणाली. मथुरानं तोंडात पदर कोंबला. मग डोळे पुसून ती बाहेर आली. तिघंही ताडकन उठले.

"जागी झाली मगे?"

"नाय," मथुरा म्हणाली. "डोळे उघडूक नाय."

हरिश्चंद्राला तळेऱ्याची एस.टी. आठवली, वैद्याला कोणी तरी रोगी. काशीबाईची पेज चुलीवर होती. बघता बघता पायरी रिकामी झाली.

"खोटं का बोललीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमीच शिकवलात," ती म्हणाली आणि दाराला कडी घातली. "आता तिका आपली आपण निजांदे."