बॅटऱ्यांचा हेवेखोर राखणदार

मी एक जुना चार्ज कंट्रोलर आहे. छपरावरचे सौर पॅनेल आणि कोठीतल्या चार बॅटऱ्या यांच्यामध्ये भिंतीवर असते ती छोटी पेटी. बॅटऱ्या वाजवीपेक्षा जास्त भरू द्यायच्या नाहीत आणि पार रित्या होऊ द्यायच्या नाहीत, एवढेच माझे काम.

मित्रांनो, नॉर्वेच्या डोंगरातल्या या घरापर्यंत विजेचे खांब आलेले नाहीत. इथे इंगेबोर्ग आणि तिचा धाकटा भाऊ हाल्वार राहतात. दोघेही सत्तरीपुढचे. अकरा हिवाळे मी राखण केली, पण माया मिळाली बॅटऱ्यांना! इंगेबोर्ग त्यांना लोकरीत गुंडाळी. त्यांच्यात शुद्ध पाणी ओतताना म्हणे, "प्या गं पोरींनो." बॅटऱ्या उतरल्या की मी लाल दिवा लावून घराची वीज तोडत असे. मग हाल्वार ओरडे, "बसवलं अंधारात! खाष्ट मेला!" माझ्यामुळे त्या टिकल्या, आणि लाड त्यांचे. मी आतल्या आत जळत असे.

नाताळच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी रेडिओवर स्कीची शर्यत रंगात आली होती. तेवढ्यात मी वीज तोडली. हाल्वार तडक कोठीत आला. घराच्या तारा माझ्यातून काढून त्याने थेट बॅटऱ्यांना जोडल्या.

"अरे, काही कारण असेल म्हणूनच तोडली असेल ना त्यानं?" इंगेबोर्ग म्हणाली.

"कसलं कारण! ऐक, रेडिओ लागला. पोरींच्या अंगात केवढा जोर आहे बघ!"

माझा लाल दिवा तसाच पेटलेला होता. खरे सांगतो, मला वाईट वाटले नाही. होऊ द्या रित्या, म्हटले, मग कळेल माझी किंमत.

दुसऱ्या दिवशी दोघे स्की घालून खाली गावात भाचीकडे सणाला गेले. तारा तशाच राहिल्या, कोठीतला दिवाही जळत राहिला. चूल थंड झाली, छपरावरचे पॅनेल बर्फाखाली गेले. भरलेली बॅटरी कडाक्याची थंडी सोसते, रिती बॅटरी गोठते. तिसऱ्या दिवशी माझा लाल दिवाही विझला.

ते परतले तेव्हा चारही बॅटऱ्या तडकल्या होत्या. इंगेबोर्गने त्यांच्यावरची लोकर बाजूला सारली.

"मी मारल्या गं," हाल्वार म्हणाला. "हा बिचारा सांगत होता."

"अकरा वर्षं शिव्या दिल्यास, आणि आज बिचारा?"

ज्या मायेच्या शब्दासाठी मी झुरलो, तो असा कानी पडला. तेव्हा राखायला माझ्याजवळ कोणीच उरले नव्हते.

मार्चमध्ये गाडीसाठी रस्ता मोकळा होईपर्यंत त्यांनी मेणबत्त्यांवर दिवस काढले. मग नव्या बॅटऱ्या आल्या. हाल्वारने सगळ्या तारा स्वतःच्या हाताने माझ्यात परत बसवल्या. आताही मी वीज तोडली की तो पुटपुटतो, पण मला हात लावत नाही.

मित्रांनो, अडवणाऱ्याचा राग येतो, येऊ द्या. त्याला बाजूला सारण्याआधी तो कोणाला वाचवतो आहे, एवढे मात्र पाहा. आणि कोणाची राखण तुमच्याकडे असेल, तर त्याच्या वाईटाची वाट पाहू नका. मी पाहिली होती. हे इंगेबोर्गला सांगायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगितले.