मागच्या खोलीतला फोन

मित्रांनो, जिन्याखालच्या फळीवर बसलेला, कडा पिवळ्या पडलेला तो राउटर म्हणजे मी. कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो.

या घरात आम्ही तीन राउटर. एक पुढच्या बैठकीच्या खोलीत, मधे मी आणि तिसरा मागे शिवणाच्या खोलीत. भिंती जाड, म्हणून मेकॅनिकने वायर न ओढता आम्हाला हवेतूनच एकमेकांशी जोडलं.

हे सारं आईंसाठी. त्या मागे कपडे शिवत आणि बाबांना ऐकू कमी येई. हाका मारून घसा बसे, म्हणून त्या फोनवर लिहून पाठवू लागल्या. मला मजकूर वाचता येत नाही, पण फोन कोणाचा ते कळतं. "या पेटीनं माझा घसा वाचवला," म्हणत त्या पदराने माझी धूळ पुसत.

पुढे त्या दवाखान्यात गेल्या आणि परतल्याच नाहीत. त्यांचा फोन बंद झाला. माझ्यावर धूळ साचत गेली.

महिन्याभराने, भर दुपारी, मागच्या राउटरने माझ्या हाती एक मेसेज दिला. आईंच्या फोनवरून! मी हादरलो, तरी तो पुढे पोचवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज चार वाजता.

लेक माहेरी आली होती. पुढच्या खोलीत टेबलावर बाबांचा फोन उजळला. नाव आईचं! ती पांढरीफटक पडली. भिंत धरत माझ्यासमोरून मागे गेली आणि तिने दार लोटलं. शिलाई मशीनपुढे बाबा बसले होते, हातात आईंचा फोन घेऊन.

"बाबा, हे काय?" ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

"इथून पाठवतो, मग पुढे जाऊन वाचतो," ते ओशाळले. "तेवढा वेळ वाटतं, ती आत आहे."

 लेक त्यांच्याजवळ बसून राहिली.

नेट मंद चालतं म्हणून तिनेच आधी बोलावलेला मेकॅनिक दोन दिवसांनी आला. "मागची खोली रिकामीच आहे ना? मग हा मधला आणि मागचा, दोन्ही काढून टाकू," म्हणत त्याने माझ्या विजेच्या वायरीला हात घातला. बाबांना शब्द ऐकू आले नाहीत, पण हात दिसला. ते धडपडत उठले.

"राहू द्या," लेक म्हणाली. "ती खोली वापरात आहे." आणि तिने माझी धूळ पुसली.

मित्रांनो, आम्ही जुने झालो, मंद झालो, हे खरं आहे. काढायचं तर जरूर काढा. फक्त बटण बंद करण्याआधी घरात एकदा विचारा, पलीकडे अजून कोणी आहे का.